ऊर्जेचा जमाखर्च : स्वच्छ ऊर्जेचे धोरण आणि गृहस्थाची जबाबदारी



पूर्वी घरात दिवा लावायचा म्हणजे एक छोटेखानी काम असे. कंदिलाची काच राखेने पुसावी लागे, वात कापावी लागे, रॉकेल मापून ओतावे लागे. रात्रभरात किती तेल जळाले, हे सकाळी टाकीकडे पाहताच गृहिणीला समजत असे. विजेच्या बटणाने हे कष्ट वाचविले, त्याबद्दल विज्ञानाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु कष्टांबरोबर जाणीवही गेली. बटण दाबणाऱ्याला चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसत नाहीत, खाणीतून कोळसा वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या वाघिणी दिसत नाहीत. महिन्याच्या अखेरीस वीजबिल येते. त्यात युनिट असतात, आकार असतो, अधिभार असतो. धुराचा रकाना मात्र नसतो. हा न लिहिलेला रकाना हाच या व्याख्यानाचा विषय होय.

न लिहिलेला रकाना

भारतात ग्राहकाने वापरलेल्या एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. महिन्याला दोनशे युनिट वापरणारे एक मध्यमवर्गीय कुटुंब या हिशेबाने वर्षाला सुमारे १,७०० किलो वायू हवेत सोडते. त्या घरात कोणी चूल पेटवलेली नसते, कोणी काही जाळलेले नसते. जाळण्याचे काम दूर कोठेतरी, परंतु त्याच कुटुंबाच्या नावाने झालेले असते.

हा वायू विषारी नाही. उच्छ्वासातून तो प्रत्येक प्राणी बाहेर टाकतो आणि वनस्पती त्यावरच वाढतात. मग त्याचा दोष कोणता? सूर्याचा प्रकाश वातावरणातून सहज खाली येतो, मात्र तापलेल्या पृथ्वीपासून परत निघणारी उष्णता हा वायू अडवून धरतो. हे ज्ञान अलीकडचे नाही. अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्ये आणि ब्रिटनमधील जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्ये वायूंच्या या गुणधर्मावर प्रयोग केले. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित कागदावर मांडले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे या वायूचे अखंड मोजमाप सुरू झाले. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये सुमारे ३१५ भाग आढळला आणि २०२४ मध्ये त्याने ४२० ची मर्यादा ओलांडलेली होती. जागतिक हवामान संघटनेच्या निष्कर्षानुसार २०२४ हे तोवरचे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले आणि त्या वर्षीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने अधिक होते.

व्यापारी घराण्यात वाढलेल्या श्रोत्यांना यातील खरा धोका वहीखात्याच्या भाषेत लवकर उमगेल. धूळ पावसाने बसते, साधा धूर वाऱ्याने विरतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र शतकानुशतके वातावरणात टिकून राहतो. म्हणजे दरवर्षीचे उत्सर्जन हे मुद्दलात पडणारी भर आहे. पुढच्या वर्षी थोडे कमी उत्सर्जन केले, तर कर्ज घेण्याचा वेग मंदावतो, कर्ज फिटत नाही. वाढ थांबवावयाची असेल, तर नवी उचल जवळजवळ शून्यावर आणावी लागते आणि उरलेली थोडीफार उचल वनांसारख्या शोषकांनी भरून काढावी लागते. ‘नक्त शून्य’ या शब्दप्रयोगाचा सरळ अर्थ एवढाच आहे.

या कर्जात भारताचा वाटा किती, हा प्रश्न न्याय्य आहे. वार्षिक एकूण उत्सर्जनात चीन व अमेरिकेनंतर भारताचा तिसरा क्रमांक लागतो. परंतु खनिज इंधनांपासूनचे दरडोई उत्सर्जन पाहिले, तर भारतीय माणसाच्या नावावर वर्षाला सुमारे दोन टन येतात, अमेरिकन माणसाच्या नावावर सुमारे चौदा टन. जुने मुद्दल तर प्रामुख्याने युरोप-अमेरिकेने उचललेले आहे. म्हणूनच १९९२ च्या रिओ परिषदेत ‘सामाईक, परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले. हे तत्त्व देशांमध्ये जसे लागू आहे, तसेच देशाच्या आतही लागू मानावयास हवे. दोन टन ही सरासरी आहे. तीत मेळघाटातील एका दिव्याची झोपडी जशी आहे, तशी तीन वातानुकूलन यंत्रांची सदनिकाही आहे. सरासरीच्या सावलीत उभे राहून संपन्न गृहस्थाने स्वतःला गरीब समजणे हिशेबाला धरून होणार नाही.

धोरणाची वाटचाल

महाराष्ट्राच्या विजेच्या सुरुवातीच्या इतिहासात पाण्याचा वाटा मोठा होता, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी अडवून खोपोली येथे वीज निर्माण केली आणि १९१५ मध्ये ती मुंबईस पोहोचली. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. पुढे कोयनेचा प्रकल्प उभा राहिला. त्याची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. परंतु वाढत्या मागणीला पाणी पुरेना आणि राज्याचा भार कोळशाकडे वळला. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

कोळशालाही पाणी लागते, हा धडा परळीने दिला. मराठवाड्यातील अवर्षणामुळे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. वाफ करावयास पाणी नव्हते. एका दुष्काळाचा दोष एकट्या हवामानबदलावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि जी व्यवस्था पाऊस अनिश्चित करण्यास हातभार लावते, तीच व्यवस्था पावसावर अवलंबून असते, ही विसंगती परळीत स्पष्ट दिसली.

स्वच्छ ऊर्जेसाठी सरकारी पातळीवर प्रयत्न जुने आहेत. महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’ या नावाने परिचित असलेले ऊर्जा विकास अभिकरण १९८५ मध्ये स्थापन झाले. केंद्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. खरी कलाटणी मिळाली ती कायद्याने. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये आला. २००३ च्या विद्युत कायद्याने राज्य नियामक आयोगांवर अशी जबाबदारी टाकली की, वितरण कंपनीने आपल्या एकूण विजेचा ठरावीक भाग नवीकरणीय स्रोतांकडून घेतलाच पाहिजे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या अनेकांनी पाहिल्या असतील. अशा प्रकल्पांना खात्रीचे गिऱ्हाईक मिळणे हे त्या उद्योगाच्या जगण्याचे मूळ कारण होते.

२००८ मध्ये राष्ट्रीय हवामान कृती आराखडा आणि २०१० मध्ये त्यातील राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्या वेळी २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट हे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॅट करण्यात आले. २०१० च्या अखेरच्या लिलावात सौरविजेचे दर युनिटला अकरा-बारा रुपयांच्या आसपास होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. यामागे पट्ट्यांच्या किमतीतील जागतिक घसरण होती, त्याचप्रमाणे दीर्घ मुदतीचा करार, उघडा लिलाव आणि स्वस्त भांडवल हे धोरणाचे तीन आधारही होते. एक लाख मेगावॅटचा टप्पा २०२२ ऐवजी जानेवारी २०२५ मध्ये गाठला गेला. उशीर झाला, परंतु पोहोचणे झाले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत नक्त शून्याची घोषणा केली. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे नोंदविलेल्या वचनात दोन ठोस आकडे आहेत : २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणे आणि वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी खनिज इंधनाविना उभी करणे. पहिल्यापैकी ३६ टक्के घट २०२० पर्यंत साधल्याचे सरकारने कळविले आहे. दुसरे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी, २०२५ च्या जून-जुलैमध्ये पूर्ण झाले.

क्षमता निराळी, निर्मिती निराळी

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. निम्मी क्षमता स्वच्छ झाली, म्हणजे निम्मी वीज स्वच्छ झाली, असे नाही. दुकानात दोन नोकर आहेत. एक दिवसभर येतो, दुसरा काही तासच येतो. हजेरीपटावर दोघांची नावे समान दिसतात, काम मात्र समान होत नाही. सौर प्रकल्प आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण एक-पंचमांश एवढीच वीज वर्षभरात देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आहे. म्हणूनच २०२४-२५ मध्येही देशातील जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच आली.

यावर उपाय साठवणुकीचा. महाराष्ट्रात त्याचे उत्तम उदाहरण घाटघरला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, कोकणाच्या बाजूस खाली दुसरा. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज निर्माण करावयाची. हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. पाणी चढविताना काही ऊर्जा खर्ची पडते, हे खरे. परंतु दुपारचे ऊन रात्रीपर्यंत राखून ठेवावयाचे, तर तेवढी तूट सोसावीच लागते. अशा उदंचन प्रकल्पांवर आणि मोठ्या बॅटऱ्यांवर पुढील काळाचे यश अवलंबून आहे.

धोरणातील एक उणीवही नमूद केली पाहिजे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविण्यात आला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कल्पना निर्दोष होती : धूर करणाऱ्याने भरावे आणि त्यातून स्वच्छ ऊर्जा उभी राहावी. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची जागा राज्यांच्या नुकसानभरपाईसाठीच्या उपकराने घेतली. मूळ हेतू मागे पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही जाऊन कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. ज्या समाजात देवद्रव्याचा पैसा अन्य कामासाठी वापरणे दोष मानला जातो, त्या समाजाला यातील चूक समजावून सांगावी लागणार नाही. ज्या हेतूने निधी घेतला, त्याच हेतूने तो खर्च झाला, तरच देणाऱ्याची श्रद्धा टिकते.

स्वच्छ ऊर्जेचाही भार असतो

स्वच्छ ऊर्जा म्हणजे निर्दोष ऊर्जा, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. याची साक्ष माळढोक पक्षी देतो. हा भारदस्त पक्षी गवताळ माळरानावर राहतो आणि मादी बहुधा एकाच वेळी एकच अंडे घालते. सोलापूरजवळील नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. देशात उरलेल्या थोड्या पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानच्या वाळवंटात आहेत आणि नेमक्या त्याच प्रदेशात ऊन व वारा मुबलक असल्यामुळे मोठे प्रकल्प उभे राहिले. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, जड शरीरामुळे झटकन वळताही येत नाही. उच्चदाबाच्या तारांवर आदळून तो मृत्युमुखी पडतो.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने पक्ष्याच्या अधिवासातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकारने अडचणी मांडल्या. एवढ्या विस्तृत क्षेत्रात उच्चदाबाच्या तारा पुरणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे आणि त्यामुळे स्वच्छ ऊर्जेचे कार्य खोळंबेल, असे सांगण्यात आले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालपत्रात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून निघतो, असेही स्पष्ट केले. एका बाजूला सर्व जीवसृष्टीचे तापमान, दुसऱ्या बाजूला एका जातीचे अखेरचे काही पक्षी. जीवदयेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग अभ्यासावा असा आहे. येथे एकाचा पक्ष घेऊन दुसऱ्याकडे डोळेझाक करता येत नाही. तारा कोठून न्याव्यात, किती न्याव्यात, कोणत्या पुराव्यात, याचा विवेक क्षणोक्षणी करावा लागतो.

भार माणसांवरही पडतो. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या परिसरात खाणी आणि औष्णिक केंद्रांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते. त्यांच्या श्रमाने शहरे उजळली. कोळसा कमी करावयाचा तर या घरांतील पुढच्या पिढीसाठी दुसरा रोजगार आधी उभा राहिला पाहिजे. तसेच माळरान ‘पडीक’ म्हणून प्रकल्पाला देताना त्यावर चरणारी मेंढरे आणि मेंढपाळ यांचाही विचार झाला पाहिजे. छपरावरील सौरपट्ट्यांचे मोठे पुण्य हेच की, त्यांना नवी जमीन लागत नाही, माळरानावरून नव्या तारा न्याव्या लागत नाहीत.

शेतकऱ्याची रात्र

महाराष्ट्रात स्वच्छ ऊर्जेचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. वर्षानुवर्षे कृषिपंपांना आठवड्यातील काही दिवस रात्रीचीच वीज मिळत आली. थंडीच्या रात्री, हातात विजेरी घेऊन, साप-विंचवाचे आणि कित्येक भागांत बिबट्याचे भय पत्करून शेतकऱ्याने बारे द्यावयाचे, हा शिरस्ता होता. शहरातील दिवसाची मागणी सांभाळण्यासाठी शेतकऱ्याची झोप खर्ची पडत होती.

सूर्य दिवसाच तळपतो आणि पिकाला पाणीही दिवसाच द्यावयाचे असते, या साध्या योगावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना उभी आहे. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा पुरवावयाची. खासगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले. दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे शंभरएक घरांचे गाव राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. यातील लाभ केवळ विजेचा नाही. रात्री घरी झोपलेला शेतकरी हा या धोरणाचा खरा लाभ होय.

मात्र येथेही विवेक हवा. सौरपंपाला वीजबिल नाही. जेथे पाणी उपसण्यास काही खर्च येत नाही, तेथे विहीर कोरडी पडेपर्यंत उपसा होण्याची भीती असते. पंपाबरोबर ठिबक सिंचन आणि पाण्याचा ताळेबंद आला नाही, तर हवा वाचविताना भूजल गमावण्याची वेळ येईल.

संस्थेचे छप्पर, भोजनशाळा आणि पांजरपोळ

धोरण दिल्लीत आणि मुंबईत ठरते, परंतु ते उतरते घरावर आणि संस्थेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांसाठी पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर केली. तीत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे कमाल ७८ हजार रुपये अनुदानाची तरतूद झाली. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक दिव्यांसाठी, पंपांसाठी आणि उद्वाहकांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये ठरले. महाराष्ट्रात एक किलोवॅटची सौरपट्टी दिवसाला सरासरी चार युनिट देते. तीन किलोवॅटचा संच वर्षाला चार हजारांहून अधिक युनिट देईल आणि त्यायोगे सुमारे तीन टन उत्सर्जन टळेल. एका सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनापेक्षा ही बचत मोठी आहे. असा संच पंचवीस वर्षे चालतो, अट एवढीच की पट्ट्यांवरील धूळ नियमितपणे पुसली गेली पाहिजे.

धर्मादाय संस्थांना घरगुती अनुदान लागू नसले, तरी त्यांच्याजवळ तीन अनुकूलता आहेत : विस्तीर्ण गच्ची, दिवसाचा वापर आणि दीर्घ आयुष्य. जैन संस्थांच्या बाबतीत दुसरी अनुकूलता विशेष आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन हा जेथे नियम आहे, तेथे भोजनशाळेची बहुतेक कामे ऊन असतानाच पार पडतात. दळण, पाणी चढविणे, पंखे, शीतगृह यांचा भार नेमका त्याच तासांत असतो, जेव्हा गच्ची वीज देत असते. बॅटरीवाचूनही अशा वास्तूचे गणित जमते.

उकळलेल्या पाण्याचेही तसेच. पंचवीस अंशांचे पाणी उकळीपर्यंत नेण्यास पंच्याहत्तर अंशांची वाढ करावी लागते. गच्चीवरील सौर बंबातून साठ अंशांचे पाणी मिळाले, तर त्यांपैकी पस्तीस अंश सूर्याने दिलेले असतात आणि गॅस जवळपास निम्मा वाचतो. मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाकाचे उदाहरण शिर्डीला आहे. श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर तबकड्यांची यंत्रणा बसविण्यात आली. त्या तबकड्या सूर्यकिरण एकवटून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते.

उष्ट्या अन्नाचा विचार तर अधिक निकडीचा. कचरा डेपोत दडपलेले अन्न कुजून मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. तोच मिथेन बंदिस्त टाकीत धरला, तर तो इंधन ठरतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि २००६ मध्ये तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पांजरपोळांत शेण मुबलक असते. गोबरगॅस संयंत्र बसविल्यास मुक्या जनावरांची सेवा, इंधन आणि खत हे तिन्ही हेतू एकाच खर्चात साधतात. तथापि ज्या संयंत्राची रोज देखभाल करणारा माणूस नेमलेला नसतो, ते वर्षभरात गंजते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. दात्याचे नाव कोरलेली पाटी टिकते, संयंत्र बंद पडते. म्हणून देणगी देतानाच देखभालीचा निधी वेगळा काढून ठेवणे श्रेयस्कर.

न वापरलेले युनिट

सर्वांत स्वच्छ युनिट कोणते, या प्रश्नाचे उत्तर सौर नाही, पवन नाही. जे वापरावेच लागले नाही, ते युनिट सर्वांत स्वच्छ. त्यासाठी जमीन लागत नाही, तार लागत नाही, पक्षी मरत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले आणि साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याची जागा नऊ वॅटच्या दिव्याने घेतली. आता पाळी पंख्यांची आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी बनावटीचा सुमारे ३०. सभागृहात चाळीस पंखे दिवसाला पाच तास फिरत असतील, तर या बदलाने रोज नऊ युनिट वाचतात.

परंतु यंत्र सुधारले म्हणजे काम झाले, असे नाही. दिवा स्वस्त झाला, तेव्हा गृहस्थाने एकाच्या जागी चार लावले. वातानुकूलन यंत्रावरील तारांकनाच्या पट्टीने वीज वाचली आणि त्या बचतीच्या समाधानात दुसरे यंत्र आले. विवाहसमारंभातील रोषणाई एलईडीची असल्यामुळे पूर्वीपेक्षा तिप्पट झाली. काटकसरीचे यंत्र आणि उधळपट्टीचे मन एकत्र नांदले, तर बेरीज जेथल्या तेथे राहते. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत ज्या परंपरेत गृहस्थालाही सांगितले आहे, तिला ही गोष्ट अपरिचित नाही. नवीन आहे ते इतकेच की, त्या मर्यादेचे माप आता युनिटमध्येही घेता येते.

यास्तव सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक साधा संकल्प विचारार्थ ठेवण्यासारखा आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालात उत्पन्न व खर्चाच्या पत्रकाशेजारी ऊर्जेचे एक पान असावे. वर्षभरात किती युनिट वीज, किती गॅस सिलिंडर, जनित्रासाठी किती लिटर डिझेल, गच्चीने किती युनिट दिले आणि मागील वर्षाच्या तुलनेत काय घडले, एवढेच त्यात लिहावे. वीजबिलावर जो रकाना नाही, तो सभासदांनी आपल्या अहवालात उघडावा. ज्या समाजाने हिशेबाची वही शुद्ध ठेवण्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठा मानली, त्याला हे अवघड नाही. घराघरांतूनही बारा वीजबिले एका दोऱ्यात ओवून दिवाळीला त्यांची बेरीज करता येईल. वहीपूजनाच्या दिवशी ही बेरीज मुलांच्या हातून मांडली जावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेची पायाभरणी केली, त्यांनी वास्तू बांधताना आपल्या पश्चात येणाऱ्यांचा विचार केला होता. भारताने नक्त शून्यासाठी नेमलेले २०७० हे साल या संस्थेच्या शताब्दीपूर्वीच उगवणार आहे. आज पाठशाळेत बसणारी बालके त्या वेळी विश्वस्तांच्या आसनावर असतील. ती जुने अहवाल उघडतील. पन्नासाव्या वर्षी ऊर्जेचे पान सुरू झाले होते की नाही, आणि त्यावरचा आकडा वर्षागणिक उतरत गेला की नाही, हे त्यांना एका दृष्टिक्षेपात समजेल. ते पान कोरे राहू नये, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी प्रार्थना.